पानावर मजकूर शोधण्याचे शॉर्टकट : कुठे बदलायचे आणि कशाला हात लावायचा नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. काम दिवसभर ब्राउझरमध्ये, तेही लांबलचक दस्तऐवज वाचण्याचं. कंट्रोल+एफ दाबून दाबून डाव्या हाताची करंगळी दुखायला लागली आहे. क्रोम आणि फायरफॉक्स दोन्ही वापरात आहेत. शोधाचा शॉर्टकट बदलता येतो का? 'पुढचं सापडलेलं' आणि 'मागचं सापडलेलं' ही कामं हाताशी असलेल्या बटणांवर आणता येतात का? आणि काही साइटवर कंट्रोल+एफ दाबलं की ब्राउझरच्या शोधपट्टीऐवजी साइटचा स्वतःचाच चौकोन उघडतो, त्याचं काय करायचं?

तिन्ही गोष्टी होतात. पण पहिल्या प्रश्नासाठी बहुतेक लोक आधी क्रोमची सेटिंग्ज पिंजून काढतात आणि तिथे तासभर घालवतात. तिथे काहीच नाही. क्रोमचे स्वतःचे शॉर्टकट क्रोममधून बदलता येत नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये शोधाच्या शॉर्टकटची तीच गत. तेव्हा आधी बटण दाबल्यावर नेमकं काय होतं ते समजून घ्या, म्हणजे बदल कुठे करायचा हे आपोआप कळेल.

तुम्ही कंट्रोल+एफ दाबता आणि शोधपट्टी उघडते, या दोहोंच्या मध्ये त्या दाबाला चार चौक्या लागतात. पहिली ऑपरेटिंग सिस्टिमची. बटणं बदलून देणारे प्रोग्रॅम इथेच बसतात. दुसरी चौकी ब्राउझरची, पण इथे तो फक्त काही राखीव जोड्या अडवतो: नवा टॅब, नवी विंडो, टॅब बंद करणं, म्हणजे कंट्रोलसोबत टी, एन आणि डब्ल्यू. या जोड्या तो पानाच्या हाती लागू देत नाही, नाहीतर एखादी साइट तुम्हाला टॅबच बंद करू देणार नाही. तिसरी चौकी खुद्द वेबपानाची. त्या पानातली जावास्क्रिप्ट (पानासोबत येणारा प्रोग्रॅम) दाब बघते आणि 'हा माझा' म्हणून ठेवून घेऊ शकते. तिने सोडून दिलं तरच तो चौथ्या चौकीवर, पुन्हा ब्राउझरकडे येतो आणि शोधपट्टी उघडते.

कंट्रोल+एफ राखीव यादीत नाही, तो चौथ्या चौकीवरचा. एवढ्या एका गोष्टीतून तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरं निघतात. साइट तो पळवू शकते, कारण तिची चौकी आधी लागते. आणि क्रोममध्ये तुम्हाला तो बदलायचा असेल, तर चौथ्या चौकीवर तुमचं चालत नाही, म्हणून पहिल्या चौकीवर जाऊन बदलावा लागतो.

बदलायला बसण्यापूर्वी, जे आधीच आहे ते बघा. मी ज्यांना ज्यांना मदत केली त्यांतल्या बऱ्याच जणांचं काम इथेच भागलं.

एफ३ दाबलं की पुढचं सापडतं, शिफ्ट+एफ३ दाबलं की मागचं. कंट्रोल+जी आणि कंट्रोल+शिफ्ट+जी हेही तेच करतात. शोधपट्टीत कर्सर असेल तर नुसतं एंटर आणि शिफ्ट+एंटर. यात महत्त्वाचं हे की एफ३ साठी शोधपट्टी उघडी असावी लागत नाही. एस्केप दाबून पट्टी बंद करा, पान वाचा, पुन्हा एफ३ दाबा, आधीचाच शब्द पुढे शोधला जातो. कंट्रोल+एफ दर वेळी दाबणारे लोक खरं तर हेच करू बघत असतात. तुमच्या करंगळीचे निम्मे हेलपाटे इथे वाचतील. लॅपटॉपवर एफ३ दाबल्यावर आवाज किंवा उजेड कमीजास्त होत असेल, तर वरच्या ओळीवर आधी मीडियाची बटणं लागू आहेत. फंक्शन लॉक चालू करा. अनेक लॅपटॉपवर ते एफएन+एस्केपने होतं, काहींवर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) असतं.

एस्केप दाबल्यावर आणखी एक गोष्ट होते, ती फार कमी लोकांच्या लक्षात येते. सापडलेला शब्द एखाद्या लिंकमध्ये असेल, तर पट्टी बंद होताना ब्राउझरचं लक्ष (फोकस) त्या लिंकवर जाऊन बसतं. मग नुसतं एंटर दाबलं की लिंक उघडते. माउसची गरजच नाही. क्रोममध्ये तर शोधपट्टीत असतानाच कंट्रोल+एंटर दाबलं की पट्टी बंद होऊन लिंक थेट उघडते. पण हीच जोडी फायरफॉक्सच्या शोधपट्टीत दाबाल तर लिंक उघडणार नाही, 'सगळे ठळक करा' चालू-बंद होईल. दोन्ही ब्राउझर वापरणाऱ्याने हे लक्षात ठेवलेलं बरं, नाहीतर बोटांना एक सवय लागते आणि दुसरीकडे ती फसते.

फायरफॉक्समध्ये याहून चांगलं काही आहे: तिरकी रेघ, म्हणजे स्लॅश (/). कंट्रोल नाही, करंगळी नाही, नुसतं एक बटण. दाबलं की खाली छोटी शोधपट्टी येते, टाइप करत जाल तसं पान त्या शब्दाकडे सरकतं. लेस आणि व्हीआय हे युनिक्सचे जुने प्रोग्रॅम वापरलेल्यांना ही खूण ओळखीची वाटेल. तिचं धाकटं भावंड म्हणजे एकेरी अवतरणचिन्ह ('). ते फक्त लिंकांच्या मजकुरात शोधतं.

हे दुसरं जरा जवळून बघू. समजा एका लांब दस्तऐवजाच्या सुरुवातीला अनुक्रमणिका आहे आणि 'परिशिष्ट' हा शब्द पानावर चाळीस ठिकाणी आला आहे. कंट्रोल+एफ ने गेलात तर चाळीसांतून नेमकं एक गाठायचं. त्याऐवजी एकेरी अवतरणचिन्ह दाबा, 'परि' टाइप करा. फायरफॉक्स साध्या मजकुराकडे बघतसुद्धा नाही, थेट अनुक्रमणिकेतल्या लिंकवर जातो. एंटर. पोहोचलात. सवय झाली की सूची असलेल्या पानांवर माउस हातात घ्यावासा वाटत नाही.

ही छोटी पट्टी पाच सेकंद काही टाइप केलं नाही की आपोआप जाते. ज्यांचं टाइपिंग धीम्या गतीचं आहे त्यांना याचा त्रास होतो. तो काळ वाढवता येतो. ॲड्रेस बारमध्ये अबाउट:कॉन्फिग टाइप करा (अर्थात रोमन लिपीत, मी इथे उच्चार लिहितो आहे), इशारा येईल तो मान्य करा आणि वरच्या चौकटीत 'टाइपअहेडफाइंड' हा शब्द शोधा. जी यादी येईल तिच्यात शेवटी 'टाइमआउट' असलेली ओळ बघा. तिथे ५००० असतं, हे मिलिसेकंद आहेत. १५००० करा, पंधरा सेकंद मिळतील. याच यादीत 'मॅन्युअल' नावाची ओळ आहे. ती खोटी, म्हणजे फॉल्स केली की स्लॅश आणि अवतरणचिन्ह दोन्ही बंद होतात. कुणाला नकळत स्लॅश दाबला जाऊन त्रास होत असेल तर त्यांच्यासाठी ती आहे.

फायरफॉक्सच्या साध्या सेटिंग्जमध्येही 'टाइप करू लागताच मजकूर शोधा' अशा अर्थाचा एक पर्याय आहे. तो चालू केला तर स्लॅशसुद्धा नको, कुठलंही अक्षर दाबलं की शोध सुरू. ऐकायला छान वाटतं. मी तो दोन आठवडे वापरला आणि बंद केला. ज्या साइटना एकेका अक्षराचे स्वतःचे शॉर्टकट आहेत तिथे अक्षर शोधाला जाईल की साइटला, याचा भरवसा राहत नाही. स्लॅशचा एक दाब वाचवण्यासाठी एवढा गोंधळ परवडत नाही.

कंट्रोल+एफ हाच शॉर्टकट बदलायचा असेल तर? फायरफॉक्समध्ये एके काळी हे अगदी सोपं होतं. शॉर्टकट बदलून देणारी एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) होती, ती ब्राउझरच्या आतपर्यंत हात घालू शकत. १४ नोव्हेंबर २०१७ ला फायरफॉक्स ५७ आला, जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन्स बंद झाली आणि त्यांच्याबरोबर ही सोयही गेली. जुन्या लेखांतून अशा एक्स्टेन्शन्सची नावं अजून सापडतात, त्यांच्या मागे लागू नका. त्यापेक्षा तुमच्या फायरफॉक्सच्या ॲड्रेस बारमध्ये अबाउट:कीबोर्ड टाइप करून बघा. पान उघडलं तर तुमच्या आवृत्तीत शॉर्टकट बदलण्याची सोय ब्राउझरमध्येच आली आहे, मग पुढचा सगळा खटाटोप फायरफॉक्सपुरता गरजेचा नाही.

क्रोमच्याच जातकुळीतला पण शॉर्टकट बदलू देणारा ब्राउझर चालत असेल, तर दोन आहेत. ब्रेव्हमध्ये सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग शॉर्टकट्स असं गेलात की पूर्ण यादी मिळते. विवाल्डीत सेटिंग्जच्या कीबोर्ड भागात पानावर शोधणं, पुढचं, मागचं सगळं हवं तसं लावता येतं. एकाच बटणाचे शॉर्टकटसुद्धा चालतात, फक्त तो पर्याय आधी चालू करावा लागतो. विवाल्डीत आणखी एक सोय आहे जी मला इतरत्र हवी होती: कुठले शॉर्टकट वेबपानाआधी ब्राउझरने घ्यायचे याची यादी तुम्हीच ठरवता. म्हणजे चौथ्या चौकीवरचा शोध उचलून दुसऱ्या चौकीवर आणता येतो. कंपनीच्या मशीनवर ब्राउझर बदलायची मुभा नसेल तर हे सोडून द्या.

क्रोममध्ये 'क्रोम://एक्स्टेन्शन्स/शॉर्टकट्स' नावाचं एक पान आहे आणि ते पाहून लोकांना वाटतं की सापडलं! ते फक्त एक्स्टेन्शन्सच्या शॉर्टकटसाठी आहे. फायरफॉक्समध्ये तसंच पान ॲड-ऑन्सच्या यादीत दातेरी चाकाच्या मेनूत आहे. मग कुणी विचारतं की एखादं एक्स्टेन्शन घेऊन त्याला 'शोधपट्टी उघड' हे काम का देऊ नये? कारण क्रोम एक्स्टेन्शन्सना स्वतःची शोधपट्टी उघडूच देत नाही. एक्स्टेन्शन फार तर पानात आपला वेगळा शोध घुसवू शकतं. फायरफॉक्समध्ये एक्स्टेन्शन्ससाठी शोधाचं एक साधन आहे, त्याने मजकूर शोधून ठळक करता येतो, पण पट्टी तिथेही उघडत नाही.

विमियम हे असा वेगळा शोध देणारं सगळ्यांत माहितीचं एक्स्टेन्शन. स्लॅशने शोध, छोट्या एन ने पुढचं, मोठ्या एन ने मागचं. त्याच्या पर्यायांत स्वतःची बटणं लावायला एक मोठी चौकट आहे: एका ओळीत 'मॅप', मग बटण, मग कामाचं नाव. शोधाच्या कामाचं नाव 'एंटरफाइंडमोड', पुढच्याचं 'परफॉर्मफाइंड', मागच्याचं 'परफॉर्मबॅकवर्ड्सफाइंड'. रेग्युलर एक्स्प्रेशनने, म्हणजे ठरावीक शब्दाऐवजी अक्षरांच्या नमुन्याने, शोधायची सोयही आहे, जी ब्राउझरच्या शोधात नाही. मर्यादा अशी की हे सगळं तिसऱ्या चौकीवर, पानाच्या आत चालतं. त्यामुळे क्रोमच्या स्वतःच्या पानांवर आणि वेब स्टोअरवर ते मुकं असतं. आणि अशा एक्स्टेन्शनला 'सगळ्या साइटवरचा सगळा मजकूर वाचण्याची व बदलण्याची' परवानगी द्यावी लागते. विमियमचा सोर्स कोड उघडा आहे, म्हणून मी ते वापरतो. पण 'शोध सुधारणारं' म्हणून मिरवणारं कुठलंही अनोळखी एक्स्टेन्शन केवळ एका शॉर्टकटसाठी मी घेणार नाही.

आता खरा उपाय, पहिली चौकी. विंडोजवर यासाठी मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज पुरतं. ते फुकट आहे आणि त्यात कीबोर्ड मॅनेजर नावाचा भाग आहे. त्याचे दोन विभाग नीट ओळखा: एकात एक बटण बदलतं, दुसऱ्यात बटणांची जोडी. एकेरी बटणाचा बदल सगळ्या प्रोग्रॅमना लागू होतो. जोडीचा बदल मात्र एका ठरावीक प्रोग्रॅमपुरता ठेवता येतो, आपल्याला तोच हवा आहे.

जोडीचा विभाग उघडा, अधिकच्या खुणेने नवी ओळ घ्या. डावीकडे ऑल्ट+जे, उजवीकडे एफ३, आणि शेवटच्या चौकटीत प्रोग्रॅमचं नाव: क्रोम, रोमन लहान अक्षरांत, टास्क मॅनेजरमध्ये दिसतं तसंच. दुसरी ओळ: ऑल्ट+के, शिफ्ट+एफ३, पुन्हा क्रोम. मग याच दोन ओळी फायरफॉक्स या नावाने. एजचं नाव नुसतं 'एज' नाही, त्याच्या आधी 'एमएस' लागतं, तिथे लोक अडकतात. चार ओळी झाल्या की ऑल्टवर अंगठा ठेवून उजव्या हाताच्या तर्जनीने जे आणि मधल्या बोटाने के. पुढे-मागे, पुढे-मागे. करंगळी आराम करते.

जे आणि के का? एक तर ही बटणं उजव्या हाताच्या बोटांखाली आयती असतात. दुसरं, ऑल्टसोबतची बरीच अक्षरं आधीच अडलेली आहेत. ऑल्ट+डी ॲड्रेस बारला जातं, ऑल्ट+एफ, ई, व्ही, एस, बी, टी, एच यांवर फायरफॉक्सचे मेनू आहेत. जे आणि के मोकळी सापडली म्हणून ती. पॉवरटॉइज पार्श्वभूमीला चालू असेल तेव्हाच हे चालतं आणि ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या विंडोत, पॉवरटॉइजही तसंच उघडलेलं नसेल तर, चालत नाही. हे माहीत असलं की 'कधी चालतं कधी नाही' असा संशय येत नाही.

प्रोग्रॅमचं नाव लिहायचं का विसरू नये ते सांगतो. पूर्वी मी ऑटोहॉटकीमध्ये (विंडोजवर बटणं बदलून देणारा आणखी एक प्रोग्रॅम) एका ओळीत एफ१ ला कंट्रोल+एफ करून टाकलं होतं. मदतीचं पान उघडणारं एफ१ मला कधीच लागत नव्हतं, म्हटलं सत्कारणी लागेल. कुठल्या प्रोग्रॅममध्ये, ते लिहिलंच नाही. ब्राउझरमध्ये झकास चाललं. मग मेल वाचताना एक शब्द शोधायला सवयीने एफ१ दाबलं. त्या मेलच्या प्रोग्रॅममध्ये कंट्रोल+एफ म्हणजे शोध नव्हताच, फॉरवर्ड होतं. नवी विंडो उघडली, मला वाटलं शोधाची चौकट, आणि मी शोधायचा शब्द सरळ 'प्रति'च्या रकान्यात टाइप केला. एंटर दाबण्याआधी लक्षात आलं म्हणून वाचलो. तेव्हापासून प्रोग्रॅमची अट लिहिल्याशिवाय मी एकही ओळ लिहीत नाही.

ऑटोहॉटकी कधी घ्यावं? पॉवरटॉइजने जमत नाही तेव्हाच. उदाहरणार्थ, एकच बटण फक्त ब्राउझरमध्ये बदलायचं असेल, किंवा तेच बटण टिचकी मारल्यावर पुढचं आणि दाबून धरल्यावर मागचं दाखवणारं हवं असेल. त्याची लिपी सुटसुटीत आहे: ^ म्हणजे कंट्रोल, + म्हणजे शिफ्ट, ! म्हणजे ऑल्ट, # म्हणजे विंडोजचं बटण. आधी 'हॉटइफ'च्या ओळीत कुठली विंडो समोर असताना हे लागू, ती अट, खाली बटण, दोन अपूर्णविराम आणि काय पाठवायचं ते. इंटरनेटवरची तयार उदाहरणं उतरवताना एक बघा. दुसरी मोठी आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये आली आणि तिची लिहिण्याची पद्धत पहिलीपेक्षा वेगळी आहे. 'इफविनॲक्टिव्ह'ने सुरू होणारी ओळ दिसली की ते जुनं उदाहरण, नव्यात चालणार नाही.

मॅकवर बाहेरचं काहीच लागत नाही. सिस्टिम सेटिंग्ज, कीबोर्ड, कीबोर्ड शॉर्टकट्स, आणि तिथे ॲप शॉर्टकट्स. अधिकची खूण दाबा, ब्राउझर निवडा, मेनूतल्या कामाचं नाव लिहा, हवी ती बटणं दाबा. मेनूत जे नाही त्याला शॉर्टकट देता येत नाही, पण शोध आणि पुढचं हे एडिट मेनूत असतंच. इथे एकच काटा आहे: नाव अक्षरशः जसं दिसतं तसंच हवं. मेनूत 'फाइंड' नंतर तीन टिंबं आहेत, ती धरून. ती तीन वेगळी टिंबं नसून एकच चिन्ह असतं. ऑप्शन धरून अर्धविरामाचं बटण दाबलं की ते उमटतं, तेच वापरा. एकाच नावाची दोन कामं असतील तर मेनूंची नावं उणे आणि मोठं-चिन्ह (->) मध्ये घालून पूर्ण वाट लिहायची. मॅकवरची माझी आवडती सोय मात्र आयतीच आहे: मजकूर निवडून कमांड+ई दाबलं की तो शोधाचा शब्द बनतो, तोही सगळ्या प्रोग्रॅममध्ये मिळून. एडिटरमध्ये शब्द निवडा, कमांड+ई, सफारीत या, कमांड+जी. शोधपट्टी उघडायचीही गरज पडत नाही.

लिनक्सवर एक्सरीमॅप किंवा कीडी बघा, दोन्हींत प्रोग्रॅमनुसार बदल ठेवता येतात. तिथपर्यंत पोहोचलेल्याला याहून जास्त सांगायला नको.

करंगळीबद्दल एक वेगळा सल्ला. दुखणं शॉर्टकटपेक्षा कंट्रोलच्या जागेमुळे असतं, कोपऱ्यात, वाकडं बोट करून दाबावं लागतं ते. कॅप्स लॉकला कंट्रोल करा. पॉवरटॉइजच्या एकेरी बटणाच्या विभागात होतं, मॅकवर कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये मॉडिफायर बटणांच्या यादीत होतं. तेही नको असेल तर उजवीकडचं कंट्रोल उजव्या हाताने आणि एफ डाव्या हाताने दाबायची सवय लावा. फुकटचा उपाय आहे, चार दिवसांत जमतो. मी स्वतः कॅप्स लॉकचा कंट्रोल केला आहे, ऑल्टसोबत जे आणि के वर पुढे-मागे आहे, आणि कंट्रोल+एफ ला हात लावलेला नाही. दुसऱ्याच्या मशीनवर बसायची वेळ येते तेव्हा मूळ शॉर्टकट बोटांत असलेला बरा.

आता साइटने पळवलेला कंट्रोल+एफ. सगळ्यांत सोपी युक्ती चौक्यांवरूनच सुचते: पानाची चौकी टाळा. कंट्रोल+एल दाबून ॲड्रेस बारमध्ये जा आणि मग कंट्रोल+एफ दाबा. कर्सर पानात नसल्यामुळे दाब पानाकडे जातच नाही, शोधपट्टी ब्राउझरचीच उघडते. क्रोम, फायरफॉक्स दोन्हींत चालतं. काही साइट थोड्या भल्या असतात: पहिल्या कंट्रोल+एफ ला स्वतःचा चौकोन, लागोपाठ दुसऱ्याला ब्राउझरचा. एकदा दोनदा दाबून बघायला हरकत नाही.

फायरफॉक्समध्ये कायमचा बंदोबस्तही होतो. त्या साइटवर कंट्रोल+आय दाबून पानाची माहिती उघडा, परवानग्यांच्या टॅबवर जा, कीबोर्ड शॉर्टकट बदलण्याची परवानगी शोधा, तिच्यापुढची 'नेहमीप्रमाणे' ही खूण काढा आणि 'ब्लॉक' निवडा. हेच सगळ्या साइटना एकदम लावायचं असेल तर अबाउट:कॉन्फिगमध्ये 'परमिशन्स.डीफॉल्ट.शॉर्टकट्स'ची किंमत २ करतात. मी तसं करू नका असं सांगेन. सरसकट बंदी घातली की ऑनलाइन एडिटरमध्ये अक्षर ठळक करायला कंट्रोल+बी दाबाल आणि बाजूला बुकमार्कची पट्टी उघडेल. साइटगणिक बंदीच बरी. स्लॅशही असाच पळवला जातो: गिटहब, यूट्यूब यांसारख्या साइट स्लॅश घेऊन स्वतःच्या शोधचौकटीत कर्सर नेतात. तिथे फायरफॉक्सची छोटी पट्टी उघडत नाही.

मराठीत टाइप करणाऱ्यांसाठी एक अडचण वेगळी आहे. विंडोजवर इनस्क्रिप्ट ही मराठी कीबोर्डची मांडणी चालू असताना कंट्रोल+एफ चालतं, कारण ती जोडी बटणाच्या ओळखीवर ठरते, उमटणाऱ्या अक्षरावर नाही. पण स्लॅश उमटणाऱ्या चिन्हावर ठरतो, आणि इनस्क्रिप्टमध्ये त्या बटणावर 'य' आहे. म्हणून मराठी मांडणी चालू असताना फायरफॉक्सची छोटी पट्टी उघडत नाही. अशा वेळी एफ३ आणि कंट्रोल+एफ भरवशाचे. ऑटोहॉटकी वापरत असाल तर तिथे अक्षराऐवजी बटणाचा स्कॅन कोड (त्या बटणाचा ठरलेला क्रमांक) लिहा, एफ साठी एससी०२१ आणि स्लॅशसाठी एससी०३५, रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत. मग मांडणी कुठलीही असो, बटण तेच धरलं जातं. आणि 'दुसऱ्या' किंवा 'ॲप' असे शब्द दिसायला सारखे असले तरी ते दोन वेगळ्या प्रकारे साठवलेले असू शकतात, त्यामुळे शोध चुकू शकतो. तो शब्द पानावरूनच उचलून शोधपट्टीत चिकटवा, किंवा 'दुस' एवढाच तुकडा शोधा.

डोळ्यांसमोर असलेला शब्द शोधूनही 'शून्य' येतं, तेव्हा शॉर्टकटला दोष देऊ नका. ब्राउझरचा शोध पानात त्या क्षणी जो मजकूर मजकूर म्हणून हजर आहे तेवढाच बघतो. लांब याद्या दाखवणाऱ्या साइट पडद्यापुरत्याच ओळी ठेवतात, बाकीच्या तुम्ही खाली सरकाल तशा आणतात आणि वरच्या काढून टाकतात. गूगल डॉक्सने २०२१ पासून मजकूर कॅनव्हासवर काढायला सुरुवात केली. ब्राउझरच्या लेखी ते चित्र आहे, म्हणून तिथे त्यांचा स्वतःचा शोधच वापरावा लागतो, आणि कंट्रोल+एफ त्यांनी घेतला आहे तो याच कारणाने योग्य आहे. अशा साइटवर मी वर सांगितलेली बंदी घातलीत तर शोधपट्टी उघडेल, शब्द टाइपही होईल आणि हाती काहीच लागणार नाही. तेव्हा बंदी घालण्याआधी त्या साइटवर कंट्रोल+एल, कंट्रोल+एफ करून एक समोर दिसणारा शब्द शोधून बघा. सापडला तरच साइटचा शॉर्टकट काढून घ्या.